क्राइम शोमध्ये न दिसणारी वर्षं

आमच्या गल्लीत रात्रीची जेवणं आटोपली की निदान चार घरांतून एकच आवाज यायला लागतो. आधी दबकं संगीत, मग पोलिसांच्या गाडीचा भोंगा, मग सूत्रधाराचा भारदस्त आवाज. आई बियाण्याच्या शेंगा फोडत टीव्हीसमोर बसते. शेजारच्या आक्कांच्या घरी टीव्ही आहे, तरी त्या आमच्याकडेच येतात, कारण असलं काही एकटीनं बघवत नाही म्हणतात. परवाच्या भागात नवऱ्यानं बायकोला मारून शेतात पुरलं होतं. तपास झाला, नवऱ्यानं कबुली दिली, जाहिरात लागली. आक्का फोलपटं सुपात गोळा करता करता म्हणाल्या, "मंग ती पहिलेच सोडीसन का बरं नही गयी?"

हा प्रश्न आमच्या घरात मी इतक्यांदा ऐकलाय की मोजदाद नाही. विचारणारी बाई वाईट नसते. आक्का तर स्वभावानं फार मायाळू. पण चाळीस मिनिटांत जेवढं दाखवलं तेवढ्यावरून हाच प्रश्न पडणार. आक्कांना मी जे उत्तर दिलं ते त्या रात्री तुटक होतं, म्हणून आज नीट लिहायला बसले आहे.

आधी या मालिका कशा बांधलेल्या असतात ते बघू. सोनीवर 'क्राइम पेट्रोल' २००३ साली सुरू झाली, लाइफ ओकेवर 'सावधान इंडिया' २०१२ मध्ये. यांच्या आगेमागे मराठीतही अशा मालिका आल्या, बातम्यांच्या वाहिन्यांनी रात्रीचे गुन्हेगारी कार्यक्रम काढले, आणि आता तर मोबाइलवर यूट्यूब उघडलं की असल्या कहाण्या संपतच नाहीत. सुरुवातीला सूचना येते की घटना सत्य आहे, नावं आणि ठिकाणं बदलली आहेत, काही भाग नाट्यरूपात आहे. पुढचा साचा तुम्हालाही पाठ असेल. कुणीतरी बेपत्ता होतं किंवा मृतदेह सापडतो. दोनतीन माणसांवर संशय जातो. मोबाइलचं लोकेशन, कॉलची यादी, एखादी हरवलेली चप्पल. शेवटी कोंडी फुटते. सूत्रधार कॅमेऱ्याकडे बघून चार शब्द सांगतो.

या साच्याला एक 'घटना' लागते. ज्या दिवशी काहीतरी मोठं घडलं तो दिवस. घरातली हिंसा मात्र एका दिवसाची नसते. ती रोजची, थोडीथोडी, कंटाळवाणी वाटावी इतकी एकसारखी असते. मंगळवारी बोलणी, गुरुवारी बोलणी, रविवारी एक थप्पड, सोमवारी माफी. याचं तीन वर्षांचं चित्रण कोण बघणार? मग पटकथेत ती वर्षं दोन प्रसंगांत उरकली जातात आणि मालिका शेवटच्या दिवसावर येऊन थांबते. बघणाऱ्याला वाटतं, सगळं अचानक झालं.

'अचानक' हा समज पक्का करायला आपल्या बातम्यांची भाषाही मदत करते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कुठल्याही पेपरचं जिल्हा पान उघडा. 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून.' 'किरकोळ वादातून पत्नीला पेटवले.' 'जेवण न दिल्याच्या रागातून मारहाण.' हे मथळे आपण चहा पिता पिता वाचतो आणि पान उलटतो. पण क्षणभर थांबून त्यातला पहिला शब्द बघा. 'चारित्र्य' कुणाचं? मेलेल्या बाईचं. संशय त्याच्या डोक्यातला, आणि डाग तिच्या नावावर, तोही ती उत्तर द्यायला उरलेली नसताना. 'किरकोळ वाद' म्हटलं की वादाला दोन बाजू आल्या, म्हणजे तीही भांडली असणार. 'जेवण न दिल्याच्या रागातून' वाचून एखाद्याला वाटतं, वेळेवर दिलं असतं तर वाचली असती. बातमीदारानं हे मुद्दाम केलेलं नसतं. पोलिसांच्या टिपणात जे आलं तेच छापलं जातं, आणि पोलिसांच्या टिपणात बहुतेकदा आरोपीनं सांगितलेलं कारण असतं. म्हणजे मारणाऱ्याची बाजू मथळा होते. मालिकांचा लेखक हीच कात्रणं घेऊन कथा रचायला बसतो.

आता आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के, म्हणजे चार जणींत एक. कुणाकडूनही हिंसा झालेल्या स्त्रियांपैकी कुणाची तरी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. तीन चतुर्थांशांहून जास्त जणींनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नाही. मला सगळ्यात अस्वस्थ करणारा आकडा याच सर्वेक्षणातला आहे. काही ठरावीक कारणांसाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे, असं म्हणणाऱ्या बायका ४५ टक्के आणि पुरुष ४४ टक्के. सासरच्यांशी नीट न वागणं, घराकडे मुलांकडे दुर्लक्ष, स्वयंपाक नीट न करणं अशी ती कारणं.

पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांचं चित्रही याच दिशेचं. २०२२ मध्ये देशात स्त्रियांवरच्या गुन्ह्यांची ४ लाख ४५ हजारांहून जास्त प्रकरणं नोंदली गेली, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा, सुमारे ३१ टक्के, पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचा होता. अनोळखी माणूस, अंधारी गल्ली, रिकामी बस हे सगळं त्याच्या मागे.

तर मग मालिकेत जी वर्षं गाळली जातात, त्यांत नेमकं काय घडत असतं?

माझी एक मावसबहीण आहे. तिला मी इथं फक्त ताई म्हणते. लग्नानंतरच्या तिसऱ्या आखाजीला ती माहेरी आली होती. खानदेशातल्या वाचकांना आखाजी सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. वर्षातले हे चार दिवस लेकींचे. त्या वर्षी ऊन पंचेचाळीसच्या घरात होतं. पंखाही गरम हवा फेकत होता. आणि ताई मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून झोक्यावर बसली होती.

माझी आजी म्हणाली, "काय वं, इतला गरमीमा लांब बाह्या?" ताई म्हणाली, "तिकडं अशीच फॅशन शे." सगळ्या हसल्या. झोका वर गेला तेव्हा बाही कोपरापर्यंत सरकली, आणि तिनं एक हात दोरीवरून सोडून ती पटकन खाली ओढली. मी ते पाहिलं. माझ्या शेजारी बसलेल्या मामीनंही पाहिलं. आमची नजरानजर झाली. आम्ही दोघी काही बोललो नाही. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, तरी आखाजीला झोका दिसला की मला ती बाही आठवते.

दाजी तर आमचे सगळ्यांचे लाडके. येताना मुलांना आइस्क्रीम आणायचे, मोठ्यांच्या पाया पडायचे, कुणाच्या दवाखान्याला गाडी लागली तर स्वतः घेऊन जायचे. मालिकेत असला माणूस पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो, कारण दिग्दर्शक त्याच्या चेहऱ्यावर सावली पाडतो. खऱ्या घरात तशी सावली नसते. बाहेर गोड आणि आत वेगळा, हे इतकं सर्रास आहे की 'तो तर किती चांगला होता' या वाक्याला काही किंमत द्यायचं मी सोडून दिलं आहे.

मारहाण ही त्या घरातली नंतरची गोष्ट. आधी सुरुवात फोनपासून झाली. नवरा तिचा मोबाइल रोज संध्याकाळी तपासायचा. मग माहेरी फोन स्पीकरवर लावूनच बोलायचं ठरलं. मग तिची कापूस वेचणीची मजुरी त्याच्याकडे जमा व्हायला लागली आणि बांगड्या भरायच्या तरी पैसे मागायची पाळी आली. मग कुणाच्या लग्नाला जायचं, कुणाच्या नाही, हे तो ठरवू लागला. एकेक गोष्ट वेगळी बघितली तर कुणीही म्हणेल, यात काय, सगळ्याच घरांत असतं. एकत्र बघितली तर कळतं की बाईच्या भोवतीची जागा दर महिन्याला वीतभर कमी होत होती. इव्हान स्टार्क नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासकानं या सगळ्याची एका नावाखाली मांडणी केली. मराठीत त्याला 'जाचक नियंत्रण' म्हणता येईल. त्याचं म्हणणं असं, की मारहाण हा या यंत्रणेचा एक भाग, मूळ उद्देश तिचं स्वातंत्र्य काढून घेणं हा. इंग्लंड-वेल्सनं २०१५ मध्ये असं नियंत्रण हाच गुन्हा ठरवला, अंगावर एकही वळ नसला तरी. आपल्याकडे याच नावाचा गुन्हा नाही, पण आपला कायदा या बाबतीत वाटतो तितका मागे नाही. त्याकडे पुढे येतेच.

माफीचा भागही समजून घ्यायला हवा, कारण 'सोडून का नाही गेली' याचं निम्मं उत्तर त्यात आहे. लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये मारहाणीचं एक चक्र मांडलं. आधी घरात ताण वाढत जातो, बाई पावलं जपून टाकते. मग स्फोट होतो. मग तो रडतो, पाया पडतो, साडी आणतो, पुन्हा हात उचलणार नाही म्हणून मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. काही दिवस घर खरंच सुखाचं असतं. मग पुन्हा ताण. प्रत्येक घरात हे चक्र असंच फिरतं असं नाही, कित्येक घरांत माफीचा टप्पा कधी येतच नाही, आणि यावर पुढच्या अभ्यासकांनी टीकाही केली आहे. पण ताईच्या घरात ते होतं. त्या सुखाच्या आठवड्यांत ती मला फोन करून सांगायची, "आता सुधारले गं ते." ती खोटं बोलत नव्हती. त्या आठवड्यात ते खरंच सुधारलेले असायचे.

आता आक्कांच्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं उत्तर. अशा नात्यात बाईच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका कधी असतो? ती निघून जाते किंवा निघून जाणार असं बोलते तेव्हा. ज्याला ताबा हवा असतो, त्याच्या हातून ताबा सुटण्याचा तो क्षण. ब्रिटनमधल्या जेन मॉन्क्टन स्मिथ यांनी ३७२ खुनांचा अभ्यास करून २०१९ मध्ये दाखवलं, की जोडीदाराकडून होणारे खून रागाच्या एका झटक्यात होतात हा समज चुकीचा आहे. त्यांनी आठ पायऱ्या मांडल्या. माणसाचा आधीचा इतिहास, झपाट्यानं जमलेलं नातं, मग नियंत्रण, मग ते नियंत्रण ढळवणारी एखादी गोष्ट, बहुतेकदा विभक्त होणं, मग वाढत जाणारा पाठलाग आणि धमक्या, मग 'आता हिला संपवायचं' असा विचार, मग तयारी, आणि शेवटी खून. मालिका आठव्या पायरीवर सुरू होते आणि मागे गेलीच तर सातवीपर्यंत जाते.

पहिल्या पायरीबद्दल एक आपल्याकडची गोष्ट सांगावीशी वाटते. आपण स्थळ बघताना मुलाची चौकशी करतोच. शेती किती, बागायत की कोरडवाहू, केळी लावतो की कापूस, नोकरी कायम आहे का, पितो का. त्याच्या घरात त्याच्या आईला कधी मार बसला होता का, आधीचं ठरलेलं लग्न का मोडलं, रागात त्यानं काय काय फोडलं, हे कुणी विचारतं? ताईच्या स्थळाची चौकशी करायला माझे मामा दोन गावं फिरले होते. विहिरीला पाणी किती महिने पुरतं तेसुद्धा विचारून आले होते.

गळा दाबण्याबद्दल मला वेगळं आणि सविस्तर लिहायचं आहे, कारण यावर जीव अवलंबून असतो आणि मालिकांत हे कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या जॅकलिन कॅम्पबेल या मूळच्या परिचारिका. जोडीदाराकडून खुनाचा धोका कितपत आहे हे ओळखण्यासाठी त्यांनी १९८५ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. पुढे या विषयावर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं, की ज्या बाईचा गळा जोडीदारानं आधी कधीतरी दाबला होता, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त होती. थप्पड आणि गळा दाबणं या एका माळेतल्या गोष्टी धरू नका. गळा दाबणारा माणूस 'तुझा श्वास माझ्या हातात आहे' हे दाखवत असतो.

यातली मोठी अडचण म्हणजे गळ्यावर खूण उठेलच असं नाही. सॅन डिएगो शहरातली अशी ३०० प्रकरणं तपासली तेव्हा निम्म्या बायकांच्या गळ्यावर बाहेरून काहीच दिसलं नव्हतं. खुणा दुसरीकडे शोधाव्या लागतात. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, मधली काही मिनिटं न आठवणं. आतली रक्तवाहिनी दुखावलेली असेल तर त्रास काही तासांनी, कधी काही दिवसांनीही उफाळतो. म्हणून असं काही झालं तर दवाखान्यात जायचंच, आणि डॉक्टरांना 'मारलं' इतकं मोघम न सांगता 'गळा दाबला' हे शब्द वापरायचे. लाज वाटली तरी. ते शब्द कागदावर आले पाहिजेत.

२०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीतला एक खून देशभर गाजला. मुलगी आपल्या महाराष्ट्रातलीच. वाहिन्यांनी आठवडेच्या आठवडे फ्रिज दाखवला, जंगल दाखवलं, नकाशे काढले. त्या गदारोळात एक कागद बाहेर आला. दोन वर्षं आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, त्या मुलीनं महाराष्ट्रातल्या पोलिसांकडे लेखी तक्रार दिली होती. जोडीदार मारहाण करतो, आज त्यानं गुदमरवून मारायचा प्रयत्न केला, तुकडे करण्याची धमकी देतो, असं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. पुढे तिनं ती तक्रार मागे घेतली. खटल्यात काय सिद्ध होतं ते न्यायालय ठरवील. पण कॅम्पबेलबाईंच्या यादीतली खूण त्या कागदावर होती, तारखेसह. त्या कागदावर एखाद्या वाहिनीनं तासभर चर्चा घेतली असती, तर त्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्या कित्येक बायकांना स्वतःच्या घरातली खूण ओळखू आली असती. चर्चा झाली ती फ्रिज किती लिटरचा होता यावर.

इथं निळ्या ड्रमाचंही बोललं पाहिजे. मार्च २०२५ मध्ये मेरठला एका नवऱ्याचा खून झाला, बायको आणि तिच्या मित्रावर आरोप आहे, मृतदेह निळ्या ड्रममध्ये सिमेंट ओतून ठेवलेला सापडला. मे महिन्यात मेघालयात मधुचंद्राला गेलेल्या नवऱ्याचा खून झाला. दोन्ही भयंकर. गेलेली दोन्ही मुलं कुणाच्या तरी घरची होती आणि त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. पुरुषही घरात सोसतात, आणि त्यांची टिंगल होते हे दुहेरी दुःख आहे. माझं म्हणणं प्रमाणाबद्दल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ८५ हजार स्त्रिया-मुलींचे खून झाले. त्यांतले सुमारे ५१ हजार, म्हणजे दहांतले सहा, जोडीदारानं किंवा घरच्यांनी केलेले. पुरुषांच्या खुनांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के. पण टीव्हीसाठी बातमी ती, जी नेहमीपेक्षा उलटी. बायको मेली तर जिल्हा पानावर चार ओळी, नवरा मेला तर महिनाभर मालिका.

याचा परिणाम आमच्या ओट्यावर येऊन पोचला. आमच्याकडे नळाला दररोज पाणी नसतं, त्यामुळे प्रत्येक दारात निळा ड्रम असतोच. त्या उन्हाळ्यात पाणी भरणाऱ्या बाईला येताजाता ऐकावं लागायचं, 'ड्रम कशाले धुस वं, नवरा बरा शे ना?' सगळे हसायचे. ज्या बाईला मी ओळखते, जिच्या पाठीवर वळ होते, ती त्या हसण्यात मान खाली घालून पाणी भरत होती.

बायका हे सगळं बघतात तरी का, असा प्रश्न पुरुष मंडळी फार विचारतात. यावरही अभ्यास आहे. अमेरिकेत २०१० मध्ये व्हिकरी आणि फ्रेली या दोन संशोधकांना दिसलं, की खऱ्या गुन्ह्यांच्या कहाण्यांकडे पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त ओढल्या जातात, आणि विशेषतः ज्या कहाणीतून जीव वाचवण्याची एखादी युक्ती कळते तिच्याकडे. म्हणजे हे निव्वळ मनोरंजन नाही. बाई शिकायला बसलेली असते. आई शेंगा फोडते पण कान तिकडेच असतो. आणि या मालिकांनी काही शिकवलंही, ते मान्य करायला हवं. खेड्यातल्या बाईला '४९८-अ' हा सासरच्या छळाच्या कलमाचा आकडा वकिलाआधी टीव्हीनं सांगितला. हेल्पलाइनचा नंबर पडद्यावर आला म्हणून तो लिहून ठेवणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत.

पण जी शिकायला बसते तिला चुकीचा धडा मिळाला तर? जॉर्ज गर्बनर नावाच्या प्राध्यापकांनी अमेरिकेत टीव्हीवरच्या हिंसेचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. सतत असं बघणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त दुष्ट वाटायला लागतं, अनोळखी माणसाची भीती वाढते, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे ती भीती नियम होऊन पोरींवर येते. क्लासला एकटी जाऊ नको, सातच्या आत घरात, भुसावळच्या पॅसेंजरनं येऊ नको. बाहेरचं दार आपण घट्ट लावतो आणि आकडे तर सांगतात की धोका आतल्या खोलीत आहे.

आता कायदा, मालिकेत शेवटच्या दोन मिनिटांत उरकतात तो. फौजदारी बाजू बऱ्याच जणांना माहीत असते. १९८३ पासूनचं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून. पती किंवा सासरच्यांच्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. लग्नापासून सात वर्षांच्या आत बाईचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि हुंड्यासाठी छळ दिसला तर हुंडाबळीचं कलम, आता ८०.

पण बहुतेक बायकांना नवऱ्याला तुरुंगात घालायचं नसतं. त्यांना मार थांबायला हवा असतो, डोक्यावर छप्पर हवं असतं आणि पोरं जवळ हवी असतात. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे. लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ आणि अपमान, पैसे काढून घेणं, खर्चाला न देणं, स्त्रीधन विकणं, हे सगळं हिंसाच. म्हणजे ताईची वेचणीची मजुरी या कायद्यात बसते. लग्न न करता एकत्र राहणारी बाई, आई, बहीण, मुलगी, यांनाही तो लागू आहे.

रस्ता असा. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात. ते बाईचं म्हणणं ऐकून घटनेचा ठरावीक नमुन्यातला अहवाल तयार करतात आणि तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. अर्ज आला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जातो, ताईला बराच गेला. पण हिंसा थांबवण्याचा अंतरिम आदेश आधी मिळू शकतो, गरज असेल तर दुसऱ्या बाजूचं ऐकण्याआधीही. तो आदेश मोडला की एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय बाईला घरातून काढता येत नाही. 'घर माझ्या वडिलांच्या नावावर आहे, हिचा काय संबंध' हे वाक्य दाजींनीही म्हटलं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाई ज्या घरात नांदली ते सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी तिचा तिथं राहण्याचा हक्क सांगता येतो.

वकिलाचे पैसे हा पुढचा धसका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. त्यांचा नंबर १५१००. महिलांची हेल्पलाइन १८१, आणि जीवावर बेतलं असेल तर ११२. जिल्ह्यात 'सखी' वन स्टॉप सेंटर असतं, तिथं तात्पुरता निवारा, दवाखाना, समुपदेशन एका छताखाली. महाराष्ट्रात पोलिसांसोबत काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही आहेत. याची सुरुवात १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली होती.

ताई पहिल्यांदा एका पोलीस ठाण्यात गेली तेव्हा तिला 'घरचं आहे, घरात मिटवा' सांगून परत पाठवलं होतं. दुसऱ्यांदा मी आणि मामी तिच्यासोबत होतो. तीच मामी, जिनं ती बाही पाहिली होती. निघायच्या आधी आम्ही कुणाला काही बोललो नव्हतो, कागदपत्रं आणि पोरांचे दाखले आधीच आमच्याकडे आणून ठेवले होते. निघून जायचं असेल तर ते धमकी म्हणून बोलून दाखवायचं नसतं, हे तोवर आम्हाला कळलं होतं.

संरक्षण अधिकारी बाईंनी विचारलं, "कधी कधी मारलं, काही आठवतं का?" मामीनं पदर डोळ्याला लावला. ताईनं पिशवीतून चार वर्षांची कॅलेंडरं काढली, गुंडाळी करून रबर लावलेली. रोजच्या चौकटीत दुधाचा हिशोब होता, अर्धा लिटर, पाऊण लिटर, खाडा. आणि काही चौकटींच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बारीक फुली, कुणाच्या नजरेला येणार नाही इतकी बारीक. दोन फुल्यांभोवती तिनं गोल केला होता. बाईंनी विचारलं, गोल कशाचा? ताईनं उत्तर न देता स्वतःच्या गळ्याला हात लावला.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या कॅलेंडरचा जानेवारी उघडून लिहायला सुरुवात केली.